शस्त्रक्रियागृहातील आग : 'थांबा' म्हणायचे कोणी?

गेल्या पावसाळ्यात आमच्या आत्याच्या मानेवरील गाठ काढण्यासाठी तिला रत्नागिरी शहरातील एका रुग्णालयात दाखल केले होते. पहाटेची एस.टी. पकडून संगमेश्वरकडून आलेले आम्ही चौघे जण ऑपरेशन थिएटरच्या बाहेरच्या बाकावर बसून होतो. दारावरचा तांबडा दिवा लागला की बाकावरच्या माणसाला दुसरे काही सुचत नाही. रक्त मिळेल ना, भूल उतरेल ना, मुंबईहून भावाने पाठवलेले पैसे पुरतील ना, एवढेच प्रश्न मनात घोळत राहतात. आत आग लागू शकते हा विचार आमच्या मनाला शिवलाही नव्हता.

तो विचार आमच्या मनात घातला आमच्याच वस्तीतील एका मावशींनी. तीस वर्षे निरनिराळ्या रुग्णालयांत आयाचे काम करून त्या आता निवृत्त झाल्या आहेत. आत्याला बघायला म्हणून त्या आदल्या संध्याकाळी आल्या होत्या. जाता जाता म्हणाल्या, "भाऊ, मानेचं ऑपरेशन आहे ना? मग स्पिरिट नीट सुकू द्या म्हणावं." आम्ही ते हसण्यावारी नेले. तेव्हा मावशी पुन्हा खाली बसल्या आणि त्यांनी आपली हकिकत सांगितली.

फार वर्षांपूर्वीची गोष्ट. गाव वेगळे, रुग्णालय वेगळे, तेही लहानसे. एका रुग्णाच्या गळ्यावर शस्त्रक्रिया होती. गळ्याला जंतुनाशक स्पिरिट लावले. त्याचा ओघळ मानेखाली गेला आणि चादरीत मुरला. मावशींनी तो पाहिला होता. डॉक्टर घाईत होते, बाहेर आणखी रुग्ण होते. विजेच्या उपकरणाचा पहिला चटका बसला आणि चादरीची कड आपोआप काळी पडत चालली. "जाळ दिसलाच नाही, भाऊ. वरच्या दिव्याच्या उजेडात स्पिरिटचा जाळ दिसत नाही." कोणीतरी सलाईनची बाटली फोडून ओतली, चादर ओढून फेकली. रुग्ण बचावला. मानेवर फोड आले तेवढे. मावशी म्हणाल्या, "मला आधीच दिसलं होतं. पण मी आया. डॉक्टरांना थांबा म्हणणारी मी कोण?"

वाचकहो, आत्याची शस्त्रक्रिया सुखरूप पार पडली. पण मावशींचा हा प्रश्न आमच्या डोक्यातून जाईना. म्हणून आम्ही ओळखीच्या डॉक्टरांना व परिचारिका भगिनींना भेटलो, काही वाचले, आणि जे समजले ते आपल्या घराघरांत पोहोचावे म्हणून हा लेखनप्रपंच.

आग लागायला तीन गोष्टी लागतात, हे आपण चुलीपाशी रोजच पाहतो : जळण, हवा आणि काडी. शस्त्रक्रियागृहात या तिन्ही गोष्टी रुग्णाच्या अंगापासून वीतभर अंतरावर असतात. जळण म्हणजे चादरी, गॉज, कापूस, प्लॅस्टिकच्या नळ्या, स्पिरिट आणि रुग्णाचे स्वतःचे केससुद्धा. काडी म्हणजे कॉटरी. विजेच्या साह्याने मांस कापणारे आणि रक्त थांबवणारे हे उपकरण १९२६ साली अमेरिकेत बोस्टन येथे डॉ. हार्वे कुशिंग यांनी पहिल्यांदा मोठ्या शस्त्रक्रियेत वापरले. आज तालुक्याच्या गावातही ते आहे. त्याच्यामुळे रक्तस्राव कमी होतो, असंख्य जीव वाचले आहेत, तेव्हा त्याला नावे ठेवण्याचा आमचा हेतू नाही. पण त्याच्या टोकाशी ठिणगी असते, ही गोष्ट विसरून चालत नाही.

आणि हवा? आपल्या नेहमीच्या हवेत प्राणवायू शेकडा २१ असतो. तो शेकडा २३.५ च्या वर गेला की ती हवा प्राणवायूने भारलेली मानतात. शस्त्रक्रियेच्या वेळी रुग्णाच्या नाकाशी शुद्ध प्राणवायू सोडलेला असतो. तोंडावरून चादर पांघरलेली असते. प्राणवायू हवेपेक्षा किंचित जड, त्यामुळे तो चादरीखाली साचून राहतो. एरवी धुमसत बसणारे कापड अशा हवेत भडकन पेटते. गालावरची बारीक लव, जी आपल्याला दिसतही नाही, तीही पेट घेते. प्राणवायू स्वतः जळत नाही, पण जळणाऱ्याला तो बळ देतो.

म्हणून डोळा, चेहरा, मान, गळा यांच्या शस्त्रक्रिया या दृष्टीने अधिक जोखमीच्या. त्यातही रुग्णाला पूर्ण भूल न देता नुसते गुंगीचे औषध देऊन नाकावर प्राणवायू लावलेला असेल तर जास्तच. श्वासनलिकेला छिद्र पाडतानाही तसेच, कारण आत नळीतून प्राणवायू वाहत असतो आणि बाहेरून कॉटरीचे टोक येत असते. यावर उपाय आहेत आणि ते महागडे नाहीत. शक्य असेल तेथे प्राणवायूचे प्रमाण शेकडा ३० पेक्षा खाली ठेवायचे. कॉटरी सुरू करण्यापूर्वी तसे मोठ्याने सांगायचे, म्हणजे भूल देणारे डॉक्टर प्राणवायू कमी करून थोडा वेळ जाऊ देतील. जवळचे गॉज ओले ठेवायचे. स्पिरिट लावल्यावर किमान तीन मिनिटे थांबायचे. केसाळ भागावर लावले असेल तर ते सुकायला तासभरही लागू शकतो. ओघळ साचला असेल तर तो टिपून घ्यायचा आणि भिजलेले कापड बाहेर काढायचे.

तीन मिनिटे! मावशींच्या हकिकतीत तेवढीच कमी पडली होती.

या धोक्याची वैद्यकशास्त्राला नव्याने ओळख झाली आहे असे मात्र नाही. १८४६ साली बोस्टनला मॉर्टन यांनी इथरची भूल जगाला दाखवली, तेव्हापासून शंभरहून अधिक वर्षे इथर ही एक प्रमुख भूल होती, आणि इथरची वाफ स्फोटक. ती जड असल्याने जमिनीलगत पसरते. म्हणून जुन्या शस्त्रक्रियागृहांत विजेचे प्लग जमिनीपासून बरेच वर बसवलेले असत, फरशी खास प्रकारची असे, नायलॉनचे कपडे घालून आत जायला बंदी असे. कपड्याच्या घर्षणाने उठलेली ठिणगीसुद्धा पुरेशी होती. १९५६ साली न जळणारे हॅलोथेन आले आणि मोठ्या शहरांतून इथर हळूहळू मागे पडले. आपल्याकडच्या लहान रुग्णालयांत ते पुढेही बरीच वर्षे होते. एक निवृत्त सिस्टर आम्हाला म्हणाल्या की, इथर होते तोवर सगळ्यांच्या मनात धाक होता. इथर गेले आणि धाकही गेला. स्पिरिट आणि प्राणवायू मात्र तिथेच राहिले. आम्हाला हे म्हणणे पटले.

हे सारे कागदोपत्री आहे असे कोणी समजू नये. अमेरिकेत शस्त्रक्रियेच्या वेळी रुग्णाच्या अंगावर किंवा अंगात लागणाऱ्या आगींचा अंदाज वर्षाला ९० ते १०० असा काढला गेला आहे. आपल्याकडे अशा लहान आगी रुग्णालयाच्या भिंतीबाहेर क्वचितच येतात. रुमानियाची राजधानी बुखारेस्ट येथे डिसेंबर २०१९ मध्ये कर्करोगाची एक स्त्री शस्त्रक्रियेच्या मेजावर भाजली. अंगाला मद्यार्कयुक्त जंतुनाशक लावलेले, आणि वर विजेचे उपकरण चालवले. परिचारिकेने बादलीभर पाणी ओतले. आठवडाभरात ती स्त्री वारली. म्हणजे युरोपातील राजधानीच्या शहरातही तीच चूक, जी आमच्या मावशींनी एका आडगावी पाहिली होती.

आपल्या देशातील उदाहरण लखनौचे. तेथील संजय गांधी पदव्युत्तर संस्था ही नावाजलेली संस्था. १८ डिसेंबर २०२३ रोजी तिच्या शस्त्रक्रियागृहात आग लागली. एक स्त्री आणि एक तान्हे मूल दगावले. दोघांच्याही शस्त्रक्रिया त्या वेळी चालू होत्या. मॉनिटरमध्ये ठिणगी पडून आग पसरली अशी प्राथमिक माहिती देण्यात आली. पोट किंवा छाती उघडलेल्या रुग्णाला उचलून पळता येत नाही. बाहेरच्या खोलीतील आगीत आणि या आगीत हाच मोठा फरक.

आपल्या महाराष्ट्राचे काय? येथील मोठ्या आगी शस्त्रक्रियागृहात नव्हे तर त्याच्या शेजारच्या अतिदक्षता कक्षांत लागल्या. पण कारणे सख्ख्या बहिणींसारखी आहेत : यंत्रे दिवसरात्र चालू, प्राणवायू भरपूर, हलता न येणारे रुग्ण. ९ जानेवारी २०२१ च्या मध्यरात्रीनंतर भंडारा जिल्हा रुग्णालयातील नवजात बालकांच्या कक्षात आग लागली. कक्षात १७ बालके होती. त्यांतील १० गेली, ७ वाचवता आली. बाळांना ऊब देणाऱ्या यंत्रात बिघाड होऊन ठिणगी उडाली असे चौकशीत पुढे आले. काही बाळे भाजली, बाकीची धुराने गुदमरली. धूर ओळखून घंटा वाजवणारी यंत्रणा तेथे नव्हती. त्या आया मोलमजुरी करणाऱ्या घरांतल्या. आपले बाळ काचेपलीकडे सुरक्षित आहे, याच विश्वासावर त्या निजल्या होत्या.

त्याच वर्षी २३ एप्रिलला विरारच्या खासगी रुग्णालयात अतिदक्षता कक्षाच्या वातानुकूलन यंत्रापासून आग लागली आणि पंधरा रुग्ण गेले. ६ नोव्हेंबरला, ऐन भाऊबीजेच्या दिवशी, अहमदनगरच्या (आताचे अहिल्यानगर) जिल्हा रुग्णालयात अकरा गेले. त्याआधी सप्टेंबर २०२० मध्ये कोल्हापूरच्या सी.पी.आर. रुग्णालयातही अतिदक्षता कक्ष पेटला होता आणि रुग्णांना घाईघाईने हलवावे लागले होते. आंबा घाट चढून आपले रत्नागिरीकर ज्या सी.पी.आर.ला जातात, तेच हे.

आता एक गोष्ट नीट पाहा. भंडाऱ्यानंतर जिल्हा शल्यचिकित्सकांना निलंबित केले गेले खरे, पण कंत्राटी परिचारिकांना थेट कामावरून कमी करण्यात आले आणि गुन्हेही परिचारिकांवर दाखल झाले. अहमदनगरमध्ये एक वैद्यकीय अधिकारी आणि तीन परिचारिका यांना अटक झाली. रात्रपाळीला हजर असलेल्या माणसाची चूक नसतेच असे आम्ही म्हणणार नाही. कर्तव्यात कसूर झाली असेल तर तिची चौकशी व्हावी. पण वायरिंग कोणी तपासायचे, घंटा कोणी बसवायची, बंद दार कोणी उघडे ठेवायचे, हे त्या परिचारिकेच्या हाती होते काय? दोष वरून खाली झरझर उतरतो. सूचना मात्र खालून वर चढत नाही. आपल्या समाजाला ही शिडी नवी नाही, तेव्हा ती येथे ओळखायला आपल्याला वेळ लागू नये. रुग्णालयात झाडणारे, पुसणारे, स्ट्रेचर ढकलणारे, सिलिंडर वाहणारे मामा आणि मावशी यांत आपले बांधव किती आहेत ते आपण जाणतो. कुठल्या प्लगमधून चुरचुर आवाज येतो, कुठली वायर गरम होते, हे सर्वांत आधी त्यांनाच कळते.

कलकत्त्याची गोष्ट तर याहून बोलकी आहे. ९ डिसेंबर २०११ च्या पहाटे तेथील आमरी रुग्णालयाच्या तळघरात आग लागली. मोटारींसाठी असलेल्या जागेत जळणारे सामान भरून ठेवलेले होते. धूर वातानुकूलनाच्या वाटांनी वरच्या मजल्यांवर गेला आणि नव्वदच्या आसपास माणसे मेली. शेजारच्या पंचाननतला झोपडपट्टीतील लोकांना धूर आधी दिसला, ते धावत आले, तर पहारेकऱ्यांनी त्यांना फाटकावरून परत पाठवले. पुढे त्याच वस्तीतील पोरांनी बांबू आणि दोर लावून माणसे उतरवली. केरळच्या दोन तरुण परिचारिकांनी आठ रुग्णांना बाहेर काढले आणि नवव्याला आणायला गेल्या त्या परतल्या नाहीत. ज्यांना आत येऊ दिले नाही तेच कामाला आले.

मग शस्त्रक्रियागृहात सर्वांत खालच्या माणसाला बोलता यावे म्हणून काही केले गेले आहे काय? होय, केले गेले आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २००८ साली शस्त्रक्रियेसाठी एक तपासणी-यादी जाहीर केली. ते काम डॉ. अतुल गवांदे यांच्या पुढाकाराने झाले. त्यांचे वडील यवतमाळ जिल्ह्यातील उमरखेडजवळच्या उटी गावचे. यादी एका पानाची. भूल देण्यापूर्वी, पहिला छेद घेण्यापूर्वी आणि रुग्णाला बाहेर नेण्यापूर्वी असे तीनदा सर्वांनी थांबायचे. छेदापूर्वी प्रत्येकाने आपले नाव आणि आपले काम सांगायचे. वरवर पाहता हा पोरखेळ वाटेल. पण ज्याने एकदा आपले नाव मोठ्याने सांगितले, त्याला पुढे 'थांबा' म्हणायला जीभ उचलते. आठ देशांतील आठ शहरांत, त्यांत दिल्लीही होती, ही यादी वापरून पाहिली. शस्त्रक्रियेनंतरचे मृत्यू शेकडा १.५ वरून ०.८ वर आले. मूळ यादीत आगीचा प्रश्न नाही. पुष्कळ रुग्णालयांनी तो स्वतःहून घातला आहे : आज शस्त्रक्रिया कुठे आहे, प्राणवायू उघडा आहे का, स्पिरिट सुकले का? आपल्या जिल्ह्यातील डॉक्टर बंधूंनीही तो घालावा. रत्नागिरीत आता शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे, डेरवणला वालावलकर रुग्णालयाचे महाविद्यालय आहे. तेथे शिकणाऱ्या आपल्या मुलामुलींनी हा आग्रह धरला तर ते शोभून दिसेल.

आग लागलीच तर काय करायचे तेही ठरलेले आहे. प्राणवायू बंद, पेटलेली चादर रुग्णाच्या अंगावरून ओढून खाली, वर सलाईन किंवा पाणी. श्वासाची नळी पेटली असेल तर ती ताबडतोब बाहेर. तेवढ्याने विझली नाही तर कार्बन डायऑक्साइडचे नळकांडे. विजेच्या यंत्रावर मात्र पाणी मारायचे नाही. त्या खोलीचा प्राणवायू बंद करण्याची चावी बाहेरच्या भिंतीवर असते आणि ती कुठे आहे हे झाडणाऱ्या मामांनाही ठाऊक पाहिजे.

कायदाही आहे. महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम २००६ सालचा. आगीची यंत्रणा चालू स्थितीत ठेवणे ही मालकाची किंवा भोगवटादाराची जबाबदारी. परवानाधारक संस्थेकडून तपासून घेतल्याचे प्रमाणपत्र दरवर्षी जानेवारीत आणि जुलैत द्यावे लागते. त्याला 'फॉर्म बी' म्हणतात. कागद भिंतीवर टांगलेला असतो, त्यावरची तारीख वाचायला कोणाची परवानगी लागत नाही.

आपल्या कोकणाची एक वेगळी अडचण आहे. खारी हवा आणि चार महिने ओल. तांब्याच्या तारांच्या जोडावर हिरवा गंज चढतो, जोड सैल होतो, सैल जोड तापतो. राहत्या घराचे रुग्णालय केलेले असेल तर वायरिंग पंखे-दिव्यांपुरते आणि भार वातानुकूलन, मॉनिटर, कॉटरी यांचा. बंब येईपर्यंत घाटवळणाचा रस्ता आणि अरुंद आळी. म्हणून आतल्या माणसांनी पहिल्या दोन-तीन मिनिटांत जे केले, तेच बहुधा कामी येते.

माता-भगिनींना आमची विनंती आहे की, शस्त्रक्रियेच्या दिवशी रुग्णाच्या डोक्याला खोबरेल तेल चोपडून नेऊ नका. केस धुऊन, कोरडे करून न्या. चेहऱ्याला व्हॅसलीन, क्रीम लावू नका. दागिने काढून ठेवा, ते कॉटरीच्या विजेमुळेही चटका देऊ शकतात. मानेची, चेहऱ्याची किंवा डोळ्याची शस्त्रक्रिया असेल तर भूल देणाऱ्या डॉक्टरांना नम्रपणे विचारा, "साहेब, प्राणवायू लावणार का, आणि कॉटरी वापरणार का?" चांगला डॉक्टर या प्रश्नावर रागावत नाही, हा आमचा अनुभव. रुग्ण घरी आल्यावरही प्राणवायूचे यंत्र लावलेले असेल तर त्या खोलीत बिडी नको आणि चूलही नको. वंदनेसाठी आपण मेणबत्ती लावतो, तीही त्या खाटेपासून दूर, दुसऱ्या खोलीत लावावी. सिलिंडर असेल तर, म्हणजे काळ्या अंगाचा आणि पांढऱ्या खांद्याचा तो नळकांडा, त्याच्या तोटीला तेलकट हात लावू नका. दाबाखालच्या प्राणवायूत तेल आपोआप पेट घेऊ शकते.

शेवटी त्या रुग्णालयातील आणखी एक गोष्ट सांगायची राहिली. मावशींचे बोलणे कानात होते म्हणून, आत्या शुद्धीवर आल्यावर आम्ही मागचे दार शोधायला निघालो. दार सापडले. त्याच्यापुढे सलाईनची खोकी रचलेली, आणि दाराला कुलूप. सिस्टरना विचारले, तर किल्ली पहारेकऱ्याकडे. पहारेकरी चहाला गेलेला. आम्ही व्यवस्थापकांना भेटून काय ते सांगितले. त्यांनी ऐकून घेतले, फारसे काही बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी सकाळी खोकी हललेली होती आणि किल्ली दाराशेजारच्या खिळ्याला लावलेली दिसली. कुलूप मात्र तसेच होते. आत्याला घरी नेताना मावशी सोबत होत्या. त्यांनी ती किल्ली काढली, कुलुपाला लागते का ते पाहिले, आणि पुन्हा खिळ्याला अडकवून ठेवली.